चित्रकथांचा एक वेडा संग्राहक

मनुष्याला कसला ना कसला छंद असावा, असें शहाणे लोक नेहमीं सांगत आले आहेत. पण छंद कोठें संपतो आणि वेड कोठें सुरू होतें, याची सीमारेषा मात्र त्यांनीं कधीं आंखून दिलेली नाहीं. कोणी टपालाचीं तिकिटें जमवितो, कोणी जुनीं नाणीं जमवितो. अशा माणसाकडे समाज कौतुकानें पाहतो. परंतु लहान मुलांच्या चित्रकथांचे अंक, ज्यांना आपण सारे सरसकट 'कॉमिक्स' म्हणतों, ते जमविण्यांत ज्यानें आयुष्याचीं चाळीस वर्षें घालविलीं, अशा गृहस्थाला आपण काय म्हणाल? परवांपर्यंत मीं स्वतः त्याला वेडाच म्हटलें असतें. आज तसें म्हणण्याचा अधिकार मला उरलेला नाहीं. तो कां उरलेला नाहीं, हें सांगण्यासाठींच आज मी आपल्यापुढें बोलत आहें.

मी कोणी विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशाचें शिक्षण घेतलें, आणि सातारा जिल्ह्यांतील एका गांवीं प्राथमिक शाळेंत मास्तरकी करून निवृत्त झालों. ज्याची हकीकत सांगणार आहें तो माझाच एक जुना विद्यार्थी. त्याचें नांव सांगत नाहीं. कारण त्याला प्रसिद्धीची हौस नाहीं, आणि आपल्या दारीं नवें गिऱ्हाईक उभें राहिलेलें त्याला मुळींच खपत नाहीं. तो पुण्यास एका कचेरींत नोकरी करतो व दोन खोल्यांच्या घरांत राहतो. गेल्या पावसाळ्यांत कांहीं कामासाठीं मी पुण्यास गेलों असतां दोन दिवस त्याच्याकडे उतरलों होतों.

पहिल्याच सकाळीं एक चमत्कारिक दृश्य पाहिलें. स्नान आटोपून देवपूजेस बसावें तसा तो एका कपाटापुढें येऊन बसला. हात धुतले, ते कोरड्या पंच्यानें दोनदां पुसले, आणि मग हलकेंच दार उघडलें. कपाटांतील ओल शोषून घेण्यासाठीं ठेवलेल्या पुड्या एकेक करून तपासल्या. आंत अंक उभे लावलेले होते. प्रत्येक अंकाला स्वतंत्र पारदर्शक पिशवी, आणि पाठीला आधार म्हणून जाड पुठ्ठा. तो पुठ्ठाहि साधा नव्हे. मुद्दाम अम्लविरहित कागदाचा करवून घेतलेला. मीं विचारलें, "अरे, मुलांच्या पुस्तकांना एवढा बडेजाव कशाला?" तेव्हां एके काळीं माझ्यापुढें अंग चोरून बसणाऱ्या त्या मुलानें मलाच एक धडा दिला.

तो म्हणाला, "गुरुजी, असले अंक स्वस्त कागदावर छापतात. त्या कागदांत लाकडांतलें लिग्निन नांवाचें द्रव्य राहून जातें. उजेड आणि हवा लागली कीं तें पिवळें पडतें. कागदांतलें अम्ल आंतल्या आंत धागे खातें, आणि एके दिवशीं पान बोटांतच तुटतें. मधल्या तारेच्या पिनांना पावसाळ्यांत गंज चढतो. तो गंज कागदावर उतरतो. आणि यांतून जें वांचतें त्याचा समाचार कसर घेते." हें सांगतांना त्याचा स्वर असा होता, कीं घरांतील एखाद्या वृद्ध माणसाच्या दुखण्याविषयींच तो बोलत असावा.

त्याच्याजवळ एक जाड खतावणी आहे. वाणी उधारी मांडतो तशी तींत प्रत्येक अंकाची नोंद आहे: मालेंतील क्रमांक, महिना, भाषा, अंक कोठें मिळाला, कितीस मिळाला, आणि शेवटच्या रकान्यांत प्रकृति. प्रकृति म्हणजे अर्थात् कागदाची! 'पाठ सरळ; उजवा कोपरा दुमडलेला; मधलें पान सुटें; अकराव्या पानावर चहाच्या कपाचा डाग', अशा भाषेंत हीं टिपणें लिहिलेलीं आहेत. पूर्वीच्या मालकांनीं कोठें नायिकेला पेन्सिलीनें मिशा काढल्या आहेत, कोठें पुस्तक चोरणाऱ्याला शाप लिहून ठेवला आहे. ते मजकूर तो खोडीत नाहीं. "तोहि इतिहासच कीं, गुरुजी," असें त्याचें म्हणणें.

त्याचा आणखी एक नियम ऐका. साधल्यास प्रत्येक अंकाच्या तीन प्रती असाव्यात: एक ठेवावयास, एक वाचावयास आणि एक अदलाबदलीस. नियम मला पटला. मात्र मीं नीट पाहिलें तेव्हां असें आढळलें, कीं वाचावयाची म्हणून जी प्रत होती तीहि पिशवींत घालून वरून चिकटपट्टीनें बंद केलेली होती!

रविवार उजाडला कीं स्वारी जुन्या बाजारांत जावयाची. तेथील रद्दीवाले त्याला ओळखतात, म्हणून त्याला मोठी सावधगिरी बाळगावी लागते. हवा असलेला अंक दिसला तरी चेहऱ्यावर आनंद दिसूं द्यावयाचा नाहीं. आधीं पाककृतींचीं दोन जुनीं पुस्तकें उचलावयाचीं, त्यांचा भाव पाडावयाचा, आणि जातां जातां सहज म्हणून "हेंहि टाक वर" म्हणावयाचें. अशा रीतीनें त्याच्या घरीं फँटमच्या बरोबरीनें पाककृतींचाहि मोठा संग्रह झाला आहे. त्याची पत्नी मोठी सोशिक बाई. ती मला एवढेंच म्हणाली, "गुरुजी, आमच्याकडे पाहुण्याला पाय पसरायला जागा नाहीं, पण फँटमला स्वतःचें कपाट आहे." त्या रात्रीं मी झोंपलों तो कपाट आणि भिंत यांच्या मधल्या जागेंत.

त्याचा जीव ज्या मालेवर जडला ती माला म्हणजे 'इंद्रजाल कॉमिक्स'. माझ्या वयाच्या श्रोत्यांना हें नांव ऐकतांच कांहीं तरी आठवलें असेल. 'टाइम्स ऑफ इंडिया' पत्राच्या चालकांनीं, म्हणजे बेनेट, कोलमन कंपनीनें, मार्च १९६४ मध्यें ती सुरू केली. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी आणि इतरहि देशी भाषांत ती निघत असे. पहिले ३२ अंक केवळ फँटमच्या कथांचे होते. हा फँटम म्हणजे ली फॉक या अमेरिकन लेखकानें १९३६ सालीं वर्तमानपत्रांतील चित्रमालिकेसाठीं निर्माण केलेला वीर. त्याच लेखकाचा जादूगार मँड्रेक, शिवाय फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी पुढें मालेंत आली. आणि १९७६ सालीं आबिद सुरती यांनीं 'बहादूर' हा अस्सल भारतीय वीर त्यांच्या पंक्तीस आणून बसविला. मूळ कथांतील फँटमच्या देशाचें नांव आपल्या बंगालशीं मिळतेंजुळतें होतें, म्हणून येथें तें बदलून 'डेंकाली' करण्यांत आलें. आणि मूळचे 'सिंग' चांचे आपल्याकडे 'सिंगा' झाले. असले बारीकसारीक फरक माझ्या या शिष्याच्या खतावणींत तांबड्या शाईनें टिपलेले आहेत. १९९० सालीं ही माला बंद पडली. तोंपर्यंत तिचे ८०० हून अधिक अंक निघाले होते.

या अंकांचे क्रमांक जुळवीत असतां १२२ नंतर त्याची गाडी अडली. १२३ आणि १२४ हे दोन अंक कोठेंहि मिळेनात. सहा वर्षें त्यानें त्यांचा शोध केला. मुंबईस फ्लोरा फाउंटनच्या पदपथांवर तो उन्हांत तासन्‌तास वांकून बसला. कोल्हापूर झालें, नाशिक झालें, बेळगांव झालें. एका रद्दीवाल्यानें तर "पाहिल्यासारखे वाटतात खरे" असें म्हणून त्याच्याकडून आगाऊ पैसेहि घेतले! शेवटीं एका वृद्ध संग्राहकानें उलगडा केला, कीं त्या वेळच्या संपामुळें ते दोन अंक कधीं निघालेच नव्हते.

मीं विचारलें, "मग तुला काय वाटलें?"

तो म्हणाला, "आधीं हायसें वाटलें, गुरुजी. आणि मग दोन दिवस जेवण गेलें नाहीं. जें शोधत होतों तें नव्हतेंच. पण शोध तरी होता."

खतावणींत त्या दोन ओळी अजून कोऱ्या आहेत. त्यानें त्या खोडलेल्या नाहींत.

मला वाटलें, असा प्राणी जगाच्या पाठीवर हा एकटाच असावा. पण ज्या अमेरिकेंत या अंकांची परंपरा फोफावली तेथें असे हजारों आहेत, असें त्यानें सांगितलें, आणि घरीं परतल्यावर मीं तें वाचून पडताळून पाहिलें. जून १९३८ चा 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक दहा सेंटांना मिळत असे. सुपरमॅन प्रथम अवतरला तो त्यांत. त्याच अंकाची एक उत्तम प्रत २०२४ सालीं ६० लाख डॉलरांस विकली गेली. अंक सोन्याच्या शाईनें छापलेला होता म्हणून नव्हे. तर त्याच्या बहुतेक भावंडांचा मागमूस उरला नाहीं म्हणून.

तीं भावंडें गेलीं कोठें? कांहीं दुसऱ्या महायुद्धांत रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत गेलीं. देशाला कागद हवा म्हणून मुलांनींच आपले गठ्ठे उचलून दिले. युद्धानंतर शिक्षक आणि पालक यांचा रोष ओढवला. १९४८ सालीं वेस्ट व्हर्जिनिया राज्यांतील स्पेन्सर आणि न्यू यॉर्क राज्यांतील बिंगहॅम्टन या ठिकाणीं शाळकरी मुलांकडूनच या अंकांच्या होळ्या पेटविण्यांत आल्या. १९५४ सालीं फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारज्ञानें एक ग्रंथ लिहून, असल्या चित्रकथा मुलांना गुन्हेगारीकडे नेतात, असा आरोप केला; आणि त्याच वर्षीं प्रकाशकांनीं घाबरून स्वतःवर एक कडक नियमावलि लादून घेतली. उरलेलें काम घरोघरच्या आयांनीं माळे साफ करतांना केलें.

याच्या उलट गोष्ट कोलोरॅडो राज्यांतील डेन्व्हर शहरची. तेथें एडगर चर्च नांवाचा जाहिरातींचा एक चित्रकार होता. आपल्या चित्रकामास उपयोगी पडतील म्हणून तो वर्षानुवर्षें नवे अंक विकत घेई आणि घरांत रचून ठेवी. १९७७ सालीं घर रिकामें करण्याची वेळ आली तेव्हां चक रोझान्स्की नांवाच्या तरुण विक्रेत्याच्या हातीं तो संग्रह आला. अंकांची संख्या १८ ते २२ हजारांच्या घरांत भरली. आणि तेथील कोरड्या, थंड हवेमुळें पानें अशीं पांढरीं राहिलीं होतीं, कीं जणूं कालच छापखान्यांतून आलीं. आजहि तिकडील संग्राहक त्या संग्रहांतील प्रतीचें नांव आदरानें घेतात.

आणि आतां तर २००० सालापासून तिकडे अशी सोय झाली आहे, कीं अंक परीक्षकांकडे पाठवावयाचा. ते त्याला दहापैकीं गुण देतात आणि कठीण पारदर्शक आवरणांत बंद करून परत धाडतात. आवरण फोडलें कीं ते गुण गेले. मी जन्माचा मास्तर. मला वाटलें, हा परीक्षेंत पहिला आलेला मुलगा खरा, पण याला पुन्हां तोंड उघडावयाची बंदी आहे!

हें मी माझ्या शिष्याला बोलूनहि दाखविणार होतों. पण माझ्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं जें घडलें त्यानें माझेंच तोंड बंद झालें.

त्याची सहा वर्षांची नात आली. नुकतीच अक्षरें जुळवूं लागलेली. तिनें चपला भिरकावल्या आणि सरळ कपाटाच्या खालच्या खणांतून एक अंक ओढून काढला. मी दचकलों. ज्या कपाटाला हात लावण्यापूर्वीं मला साबणानें हात धुवावे लागले होते, तेथें ही पोर धुळीच्या हातांनीं! पण आजोबा स्वस्थ होते. त्या अंकाला पिशवी नव्हती, पुठ्ठा नव्हता. ती जमिनीवर पालथी पडली आणि बोट ठेवून मोठ्यानें वाचूं लागली: "ब... हा... दू... र." मीं जवळ जाऊन पाहिलें. अंक वरपासून खालपर्यंत मधोमध फाटलेला होता, आणि कोणी तरी तो खळ लावून जोडलेला होता. जोडावर डाग पडून तपकिरी पट्टा उमटला होता.

मीं विचारलें, "एवढा हा एकच उघडा कसा रे?"

तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग खालीं पाहून म्हणाला, "गुरुजी, हा तुम्हीं फाडलेला."

श्रोतेहो, मला तें आठवत नव्हतें. त्यानें सांगितलें तेव्हां सारें हळूहळू डोळ्यांपुढें आलें. साल १९८२ असावें. मी नवा शिक्षक. अपूर्णांकांचा तास चालला होता. आणि हा पोरगा गणिताच्या पुस्तकाआड चित्रकथा वाचीत होता. मीं अंक हिसकावून घेतला, साऱ्या वर्गासमोर उभा फाडला आणि केराच्या टोपलींत टाकला. मला आठवण राहिली नाहीं याचें कारण सरळ आहे: असे अंक मीं एकच नव्हे, पुष्कळ फाडले. तें माझें कर्तव्यच आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती. तो अंक त्याचा नव्हता. मित्राकडून एका दिवसाच्या बोलीनें आणलेला होता. भरपाई म्हणून त्यानें मित्राला आपल्या गोट्यांची सबंध पिशवी देऊन टाकली. शाळा सुटल्यावर टोपलींतून तुकडे उचलून घरीं नेले, आणि आईनें पिठाची खळ करून दिली तिनें ते चिकटविले.

हें सांगतांना त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. राग असता तर मला सोपें गेलें असतें. तो म्हणाला, "त्या दिवसापासून माझें वाचणें कमी झालें, गुरुजी, आणि जपणें वाढलें. या अंकाची दुसरी चांगली प्रत पुढें मला मिळाली. ती वर पिशवींत आहे. या प्रतीला बाजारांत किंमत नाहीं, म्हणून ही वाचतां येते."

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. चाळीस वर्षें मीं मुलांना वाचावयास शिकविलें, असा माझा अभिमान. आणि येथें एक मूल माझ्या देखत वाचावयास शिकत होतें, तें मीं फाडून टाकलेल्या कागदावरून!

संग्राहकाचें वेड कोठून येतें, याचें एकच उत्तर आहे असें मी म्हणत नाहीं. कोणाला संच पुरा करण्याची ओढ असते, कोणाला लोभ असतो, कोणाला केवळ बालपण सोडवत नाहीं. परंतु अमेरिकेंतील त्या होळ्या आणि माझी ती टोपली या दोहोंत मला फरक दिसेना. एकदां हातांतून हिसकावून घेतलें गेलें कीं माणूस पुढें मूठ उघडावयास भितो. आपण ज्याला त्याचें वेड म्हणतों त्याचा कांहीं भाग तरी आपल्याच हाताचें काम असतें.

चित्रकथा सर्वच चांगल्या असतात, असा याचा अर्थ नाहीं. जंगलांतील लोकांचें रक्षण करावयास एक गोरा पुरुषच हवा, ही फँटमच्या कथेमागील कल्पना आज आपल्याला पटणार नाहीं, आणि पटूंहि नये. पण जें पटत नाहीं तें मुलाच्या शेजारीं बसून सांगावें लागतें; फाडल्यानें तें समजत नाहीं. आणि हें साधन मुळांतच हलकें आहे असेंहि नव्हे. अनंत पै यांनीं १९६७ सालीं 'अमर चित्र कथा' सुरू करून पुराणें आणि इतिहास मुलांच्या हातीं दिला तो याच साधनानें.

दुसऱ्या दिवशीं निघतांना मीं माझ्या विद्यार्थ्यापुढें हात जोडले. तो फार ओशाळला. वांकून पाया पडला आणि माझी पिशवी उचलून चालूं लागला. एस्.टी.च्या थांब्यावर मीं त्याला एवढेंच म्हटलें, "जपलेंस तें चांगलें केलेंस. तूं नसतास तर हे अंक केव्हांच वाण्याच्या पुड्यांना गेले असते. पण वाचावयाची म्हणून जी प्रत ठेवली आहेस, ती पिशवींतून काढ." तो हंसला आणि "पाहूं" म्हणाला. संग्राहकाचें 'पाहूं' म्हणजे काय, तें त्याच्या घरच्या माणसांना विचारावें.

गेल्या महिन्यांत त्याचा फोन आला. खालच्या खणांत आतां चार उघडे अंक झाले आहेत. मीं म्हटलें, "चारच?" तो म्हणाला, "गुरुजी, चार पुष्कळ झाले. तिची वाचण्याची गति तरी पाहूं द्या."

श्रोतेहो, आपल्याहि घरीं एखादा असा वेडा असेल, तर त्याच्या कपाटाला हंसण्यापूर्वीं त्यांतील सर्वांत फाटका अंक कोणता, एवढें त्याला एकदां विचारा. आणि आपण शिक्षक असाल, तर विचारतांना जरा जपून विचारा.